आमची ऊटाखोली

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही जन्मभर हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलंत. हॉस्पिटलात राबणाऱ्या माणसांनी स्वतःची तब्येत कशी राखावी, यावर लिहा की काहीतरी. सोप्या टिप्स दिल्या तरी चालतील."

टिप्स माझ्याकडे नाहीत, हे आधीच सांगते. भरपूर पाणी प्या, जिना चढा, ताण घेऊ नका, हे वाचायचं असेल तर दोन पानं पुढं जा, तिथं कुणीतरी लिहिलेलं असणारच. मला त्या भरपूर पाणीवाल्यांना एवढंच विचारायचंय की वॉर्ड भरलेला आणि सिस्टर एकटी असताना तिनं ते पाणी प्यायचं कधी, आणि प्यायल्यावर जायचं कधी? याचं उत्तर मिळालं की मला कळवा.

मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होते. नाव सांगत नाही. भांडण माझं आणि त्यांचं आहे, त्यात तुम्हाला ओढत नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले. लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ म्हणजे वजन उतरवून देणारी बाई. हॉस्पिटलातलं काम वेगळं असतं. सकाळी वॉर्डावॉर्डांतून फिरायचं, कुणाचं मीठ तोडायचं, कुणाची साखर, कुणाला नळीतून पातळ द्यायचं, मग स्वयंपाकघरात जाऊन ते तसंच शिजतंय का ते बघायचं. आणि उरलेला दिवस नातेवाइकांशी भांडायचं. माणूस आजारी पडला की त्याच्यावरचं सगळं प्रेम डब्यातून येतं, आणि तो डबा उघडून बघणारी दुष्ट बाई मी.

एका आजोबांची किडनी गेलेली, मीठ बंद केलेलं. मी रोज जाते तर उशीला शेंगाचटणीचा वास. आजी कानावर हात ठेवून म्हणते, "चटणी कुटं? औषदाचा वास हाय त्यो." उशी उचलली तर खाली पुडी. आजोबा माझ्यावरच उखडले. "बाई, चटणीबिगर भाकरी खाऊन जगायचं कशापायी, सांगा बरं." मी म्हटलं, "आधी जगा, मग त्यावर बसून भांडू." ते जगले, आणि घरी जाताना खरंच भांडून गेले. असे पेशंट मला आवडायचे.

पण मला लिहायचंय ते पेशंटांपर्यंत ताट पोचवणाऱ्या माणसांबद्दल. हॉस्पिटलातली माणसं उभ्यानं जेवतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. सिस्टर औषधांच्या ट्रॉलीआड दोन घास गिळते. आयाबाई चादरींच्या गाठोड्याला टेकून भाकरी मोडते. वॉर्डबॉय स्ट्रेचर धरून लिफ्टची वाट बघताना खिशातले फुटाणे तोंडात टाकतो. आमच्याकडची कडक भाकरी तर यांच्याचसाठी निघाली असावी. ताट नको, भाजी नको, जाता येता तुकडा मोडायचा. डॉक्टरांचं जेवण म्हणजे चहा, आणि भूक फारच लागली तर बिस्किटासकट चहा. आणि ही सगळी मंडळी पेशंटला काय सांगतात, तर वेळेवर जेवा.

आयाबाईंना हॉस्पिटलात सगळे मावशी म्हणतात. मावशी, बेडपॅन आणा. मावशी, फरशी ओली आहे. आपल्या घरी मावशी आली तर आपण तिला आधी बसायला सांगतो, पाण्याचा तांब्या पुढं करतो. हॉस्पिटलातल्या मावशीला दिवसभरात "बसा" म्हणालेलं मी फारसं ऐकलं नाही. हे नातं मला कधी पटलं नाही, आणि मी ते बोलूनही दाखवत असे, त्यामुळे ऑफिसात माझं नाव "भांडकुदळ" म्हणून पक्कं झालेलं होतं.

मागच्या जिन्याखाली एक खोली होती. मोडके सलाइन स्टँड आणि फाटक्या गाद्या यांची अडगळ. आमचे वॉर्डबॉय आणि आयाबाई यांच्यावरचे सुपरवायझर म्हणजे भीमामामा. गाव कर्नाटकच्या सीमेवरचं दुधनी, त्यामुळं निम्मं बोलणं कानडी. त्यांनी आणि मी मिळून एका रविवारी ती खोली रिकामी केली. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. सतरंज्या टाकल्या, माठ ठेवला, खिडकी उघडी केली. दुधनीकडं माणूस भेटला की आधी "ऊटा आत्री?" विचारतात, जेवण झालं का म्हणून. ऊटा म्हणजे जेवण. मामा खोलीला ऊटाखोली म्हणायला लागले, आणि तेच नाव पडलं.

तिथं सिस्टर यायच्या, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू मावश्या यायच्या, अँब्युलन्सचा दखनी बोलणारा ड्रायव्हर "खाना हुआ क्या सबका?" करत यायचा. कुणाची शेंगाचटणी, कुणाचा चिंचेचा भात, कुणाचा घरच्या लग्नातला उरलेला दालचा. एक जेवत असताना दुसरी तिचा वॉर्ड बघायची. "जा, खाऊन ये, मी हाय हितं" एवढ्यावर सगळं चालायचं. नियमात याची एक ओळ नव्हती. पण ही खोली सुरू झाल्यापासून आमच्या सिस्टरांची पित्तं कमी झाली, दुपारनंतरच्या चिडचिडी कमी झाल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या नोकरीत मी केलेलं आरोग्याचं मोठं काम कुठलं विचाराल तर हेच सांगेन.

मग आमच्याकडं नवे सीईओसाहेब आले. पुण्याचे, तरुण, अंगानं काटक, हातात कायम कसल्याशा हिरव्या पाण्याची बाटली. माणूस वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि पेशंटच्या तक्रारी स्वतः ऐकायचा. पण त्याच्या डोक्यात "निरोगी कर्मचारी अभियान" शिरलं होतं आणि ते त्यानं माझ्या गळ्यात मारलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, चला, शेवटी कुणालातरी आमच्या माणसांची आठवण झाली. पहिल्याच आठवड्यात लिफ्टच्या दारावर फलक लागला, "लिफ्ट टाळा, जिना चढा, निरोगी राहा." लिफ्ट तेव्हा बंद पडलेली होती आणि मावश्या जेवणाच्या ट्रे घेऊन जिन्यानंच वर-खाली करत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, आता लिफ्ट दुरुस्त व्हायची न्हाय बघा, बोर्ड लागला की."

नंतर रक्ततपासणीचं शिबिर ठरलं. ऑफिसातून निरोप निघाला, "सर्वांनी उपाशीपोटी यावे." तोंडातोंडी खाली येता येता त्या निरोपाचं रूप पालटलं. भीमामामांनी आपली माणसं गोळा करून बजावलं, "उद्या समद्यांनी उपास करून यायचं. रगत तपासनार हायत." आता आपल्याकडं उपास म्हणजे काय, हे वाचकांना मी काय सांगू! बायकांनी पहाटे उठून साबुदाणा परतला. केळी झाली, दाण्याचे लाडू झाले, वरी-आमटी झाली. नेहमी कोऱ्या चहावर कामाला येणारी माणसं त्या दिवशी पोटभर फराळ करून, ढेकर देत रांगेत उभी राहिली.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. चेहरा पांढराफटक. "मॅडम, निम्म्याहून जास्त स्टाफ डायबेटिक निघालाय! ही तर साथ आहे, साथ!"

मला काही उमजेना. बाहेर येऊन पहिला जो वॉर्डबॉय दिसला त्याला धरलं. "सकाळी काय खाऊन आलास?"

"कायबी न्हाय मॅडम. कडक उपास. नुस्ती खिचडी."

मी तिथंच जिन्यावर बसून हसले. इतकी, की सिस्टर धावत आली. दुसऱ्यांदा तपासणी घेतली तेव्हा मी स्वतः प्रत्येकाला सांगितलं, खिचडी नको, केळं नको, चहासुद्धा नको, देवाचा उपास नाही, पोटाचा उपास. बहुतेक सगळे ठणठणीत निघाले. मोजक्या लोकांना खरंच साखर होती. त्यांत नरसम्मा होती.

नरसम्मा सर्जिकल वॉर्डातली मावशी. पूर्व भागातली, आधी विड्या वळायची. नवऱ्याचं लूम बंद पडल्यावर आमच्याकडं आली. आली तीही कंत्राटदाराकडून, म्हणजे "उद्यापासून येऊ नका" एवढं म्हटलं की संपलं. कामाला वाघ, बोलायला शेळी. साहेब लांबून दिसले तरी भिंतीला चिकटून उभी राहायची. डॉक्टरांनी तिला गोळी सुरू केली. मी समजावलं, "नरसम्मा, ही गोळी साखर खाली आणते. पोटात अन्न असेल तर नीट आणते, नसेल तर नको तितकी खाली आणते. गोळी घेतली की जेवायचंच. टाळायचं नाही." ती म्हणाली, "जेवते की मॅडम. ऊटाखोली हाय ना."

पण त्या खोलीचंच काहीतरी शिजत होतं. साहेबांनी पहिल्या, खिचडीच्या रिपोर्टावर ट्रस्टींकडं धाव घेतली होती. नव्या पेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ चालायचं यंत्र, सायकल, आरसे, सगळं देऊ केलं. त्याला वेलनेस सेंटर म्हणायचं होतं. जागा? मागच्या जिन्याखालची "न वापरातली" खोली.

मी साहेबांकडं गेले. "अहो, दुसऱ्या तपासणीत सगळे बरे निघाले ना?"

"मॅडम, आता मंजुरी झालीय."

"तिथं माणसं जेवतात."

"कँटीन आहे की."

कँटीन फाटकाबाहेर, नातेवाइकांच्या गर्दीनं भरलेलं. ड्युटीवरच्या बाईला तिथंवर जाऊन यायला कोण सोडणार? हे मी सांगितलं. ते मला हसून म्हणाले, "बदलाला आधी विरोध होतोच, मॅडम." हे वाक्य त्यांना कुठल्या शिबिरात शिकवलं होतं कोण जाणे.

आठवडाभरात सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, माठ बाहेर आला, भिंतींना आरसे लागले. आमची माणसं परत ट्रॉलीआड आणि गाठोड्यांवर गेली. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

आणि मग एका दुपारी सर्जिकल वॉर्डाबाहेर नरसम्मा पडली. फरशी पुसता पुसता भिंतीला धरून खाली बसली आणि कलंडली. मी पोचले तेव्हा अंग घामानं थबथबलेलं, हात थरथरतायत, तेलुगूत काहीतरी असंबद्ध बोलतेय. सकाळी गोळी घेतलेली आणि डबा तसाच गाठोड्यात. गिळता येत होतं, म्हणून सिस्टरनं आणि मी ग्लुकोजचं पाणी घोटघोट पाजलं. हळूहळू डोळे जागेवर आले. तिनं माझा हात धरला. वाटलं आभार मानतेय. ती म्हणाली, "मॅडम, कुणाला सांगू नका. चक्कर येते म्हनलं की बंद करतील मला."

तिला गोळीबरोबर जेवायचंच, हे मी सांगितलं होतं. कुठं जेवायचं, ते सांगायला माझ्याकडं जागा उरली नव्हती. मी तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती. साहेब कळवळ्यानं म्हणाले, "बघा मॅडम, म्हणूनच सेंटर हवंय. मी ठरवलंय, उद्घाटनाला ट्रेडमिलवर पहिली पावलं नरसम्माच टाकतील. किती छान संदेश जाईल!"

मी म्हटलं, "साहेब, ती बाई दिवसभर चालतच असते. तिला बसवा."

त्यांना ते कळलं नाही. खरंच कळलं नाही, सोंग नव्हतं. म्हणून मला आणखी राग आला.

उद्घाटन भर दुपारी ठेवलेलं होतं, जेवणाच्या वेळेला. यंत्रं देणारे कापडवालेच प्रमुख पाहुणे, त्यांना तीच वेळ सोयीची होती. भीमामामांना मी म्हटलं, "मामा, आपल्यात ताटावरच्या माणसाला कुणी उठवतं का?"

"छ्या! दुश्मनालाबी उठवत न्हाईत."

"मग त्या वेळेला आपण आपल्या खोलीत जेवायला बसू."

मामांनी तंबाखूची डबी काढली. "तुमचं हे शेवटचं वर्ष हाय मॅडम. तुमचं काय वाकडं करत्याल? पर आमचं करत्याल की."

मी म्हटलं, "मग राहू द्या." मामांनी तंबाखू चोळली, ती तोंडात न टाकताच परत डबीत घातली आणि म्हणाले, "बसू."

वॉर्ड उघडा टाकला नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर तसं म्हटलं गेलं. निम्मे जेवायला, निम्मे पेशंटपाशी, नेहमीसारखं. त्या नव्या यंत्रांच्या मधून आम्ही सतरंज्या अंथरल्या आणि पंगत बसली. आरशांमुळं पंगत दुप्पट दिसत होती. नरसम्मा माझ्या शेजारी होती. तिला आदल्या दिवशीच निरोप होता, नवं लुगडं नेसून तयार राहायचं, फोटो आहे. नवं लुगडं नेसलेलं होतं.

दारात आधी ऑफिसातले क्लार्क आले. पंगत बघून त्यांना घाम फुटला. "अहो, हे काय! उठा, उठा!"

मामा भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "व्हय साहेब, ऊटाच चाललाय."

पंगत खदखदून हसली. तेवढ्यात मागून ते देणगीदार आले. वय झालेलं, डोक्यावर टोपी. त्यांनी आत डोकावलं, आणि उंबऱ्यावर टाकलेलं पाऊल मागं घेतलं. "जेवताय व्हय? बसा, बसा. माझ्या वडलांच्या नावानं कुणी ताटावरनं उठलं, तर त्यांनाच बरं वाटायचं न्हाय." आणि ते जाऊन ओपीडीच्या बाकड्यावर बसून राहिले.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. यंत्रं फिजिओथेरपीत गेली, तिथं ती खरोखर उपयोगी पडतात. आरसे राहिले, सिस्टर त्यात केस नीट करतात. मला खुलाशाचं पत्र मिळालं, निरोपाला शाल-नारळ मिळाला नाही. मामांची बदली स्टोअरला झाली. तिथं ते कुरकुरतात आणि जेवायला खाली येतात. खोली ऊटाखोलीच राहिली. पण जेवणाची अर्ध्या तासाची सुटी काही नियमात आली नाही, आणि बाथरूमचा प्रश्न मी सोडवू शकले नाही. याची खंत आहे. ज्यांना माझ्यानंतर भांडायचंय त्यांच्यासाठी भांडण शिल्लक आहे, एवढंच समाधान. आणि उद्या कुणी तिथं पुन्हा यंत्रं मांडायला आलं, तर मी निवृत्त असले तरी डबा घेऊन जाईन.

तर त्या दुपारी. पाहुणे बाकावर बसलेले, फोटोवाला खोळंबलेला. साहेब एकटेच दारात आले. आवाज चढवला नाही त्यांनी. नरम आवाजात म्हणाले, "नरसम्मा, तुम्ही तरी या. दोनच मिनिटं. एक फोटो, मग जेवा."

नरसम्माचा हात सतरंजीवर टेकला गेला. साहेबानं बोलावल्यावर उठायची इतक्या वर्षांची सवय. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण मी ते गिळले. मी बोलले असते तर ते माझं भांडण झालं असतं, आणि नोकरी तिची जाणार होती.

तिनं साहेबांकडं पाहिलं. मी तिला त्यांच्या डोळ्याला डोळा देताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तो टेकलेला हात तिनं उचलला आणि पत्रावळ जवळ ओढली.

"गोळी घेतलीय साहेब," ती म्हणाली. "आता जेवल्याबिगर उठता येत न्हाय."

आणि तिनं भात कालवायला घेतला.